स्वयंपाकघरातल्या बाकावरून ध्रुवप्रकाश

क्रोकविका, ११ डिसेंबर
सकाळचे दहा (बाहेर डोकावलं तर रात्रीचे दहा)

प्रिय योरुनताईस,

धाकट्या सोल्फ्रिडचा वाकून नमस्कार. (खरं म्हणजे वाकता येत नाही, कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच. तूर्त बसल्या बसल्या केलेला नमस्कार वाकून केला असं समजून घे.) तुझं पत्र मिळालं. गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं, आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट पुन्हा बंद पडली हे वाचून मुळीच बरं वाटलं नाही. चौथ्या मजल्यावर बटाटे कसे चढवतेस कोण जाणे. दाजी होते तेव्हा गोष्ट वेगळी होती. इकडे सगळं ठीक आहे. मी ठीक, मांजर ठीक, छत ठीक. मला सोडून गावात बावीस माणसं उरली आहेत. त्यातली एकवीस माणसं परवापासून मला बघितलं की हसतात, आणि बाविसाव्यानं माझं जे केलं आहे ते लिहायला मला हे सगळं पत्र लागणार आहे. तेव्हा चष्मा लाव आणि कॉफी घेऊन बस.

मुद्दा तुला माहीत आहे, पण तू सोयीचा तेवढाच लक्षात ठेवतेस, म्हणून पहिल्यापासून लिहिते. नोव्हेंबरात तुझा फोन आला. तू म्हणालीस, सोल्फ्रिड, एकाहत्तर वर्षांची झालीस, एकटी आहेस, त्या अंधारात तुझं ठेवलंय तरी काय? उद्या पडलीस तर कुणाला कळायचंसुद्धा नाही. मी म्हटलं, ध्रुवप्रकाश आहे, रात्री आकाशभर नाचणारा. तू म्हणालीस, घरातून शेवटचा कधी बघितलास? मी म्हटलं, काल. तू म्हणालीस, मग सांग, कसा होता. इथे मी अडकले. मी म्हटलं, नेहमीसारखा. तू म्हणालीस, रंग? मी म्हटलं, हिरवा. कुठून कुठे गेला? मी म्हटलं, मी काय त्याच्या मागे गेले होते का! त्यावर तू अशी काही हसलीस की मांजर उठून दुसऱ्या खोलीत गेली. आणि मग माझा पारा चढला, आणि माझा पारा चढला की मी काय वाटेल ते कबूल करते हे तुला माझ्या जन्मापासून ठाऊक आहे. ठरलं ते असं: दहा डिसेंबरच्या आत मी आपल्या घरातून, आईच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीखालच्या बाकावर बसून (अंगणात नाही, धक्क्यावर नाही, हे तूच घातलेलं कलम), ध्रुवप्रकाश बघायचा आणि तुला खराखरा लिहून कळवायचा. बघितला तर तू पुन्हा कधी हा विषय काढायचा नाहीस. नाही बघितला तर नव्या वर्षात घराला कुलूप घालून मी स्टावांगरला, तुझ्या खालच्या मजल्यावर जी जागा रिकामी होते आहे, तिथे.

आता खरं सांगते. मी घरातून ध्रुवप्रकाश बघितला त्याला आठ वर्षं झाली. लोकांना वाटतं आम्ही इथे रोज त्याच्या उजेडात मोजे विणतो. अगं, वर बघायला सवड कुणाला आहे? डिसेंबरात रस्त्यावर काचेसारखा बर्फ. जो वर बघून चालतो तो जानेवारी प्लास्टरमध्ये काढतो. पाहुणे येतात, त्यांना आपण बोट वर करून दाखवतो, ते आ वासतात आणि आपण गारठून घरात पळतो. मला वाटलं, एवढं काय, बाकावर बसायचं आणि तो आला की बघायचं. तो काय, आपल्या घरचाच.

पहिले अकरा दिवस पाऊस आणि बर्फ यांची मिसळ पडत होती. मी रोज दुपारी चारला दिवसाची कामं उरकून बाकावर बसायची आणि साताला मान धरून उठायची. हिल्मारला दया आली. (समोरचा हिल्मार गं, लहानपणी तुझ्या वेण्या होडीच्या दोराला बांधणारा. आता बोटीचं घर पाहुण्यांना भाड्यानं देतो आणि ध्रुवप्रकाशावर असा बोलतो की जणू स्वतःच रंगवतो.) तो म्हणाला, काकू, असं नुसतं बसून होत नाही, हल्ली त्याचं भाकीत येतं. मला काकू म्हणतो, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे मेला. त्यानं माझ्या मोबाईलमध्ये काहीतरी घातलं. सूर्यावर काही गडबड झाली की मोबाईल टिंग करतो आणि एक बाई खणखणीत आवाजात शक्यता सांगते. बरं झालं, चष्मा शोधायला नको. पण रविवारी मी चर्चमध्ये तो बंद करायला विसरले. पाद्रीबुवा अगदी रंगात आले होते, की आपण सगळे एक दिवस वर स्वर्गात एकमेकांना भेटणार आहोत, आणि माझ्या पिशवीतून ती बाई म्हणाली, “शक्यता, बारा टक्के.” पाद्रीबुवा थांबले. पुढच्या बाकावरून कुणीतरी खुसखुसलं. मग त्यांना आपण कुठे होतो तेच आठवेना, आणि त्यांनी सरळ भजन सुरू केलं. बर्गल्योतनं (आपली निवृत्त सुईण, चर्चच्या समितीवर आहे, अजून जगातल्या प्रत्येकाला आपणच जन्माला घातल्यासारखं वागते) बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन सांगितलं, की सोल्फ्रिड, बारा टक्के म्हणजे तुझ्या मानानं पुष्कळ आहेत.

बाराव्या दिवशी आकाश थोडं फाटलं. मी बाकावर. साडेपाच झाले असतील. बघते तर काचेत, बरोबर समोरच्या डोंगराच्या माथ्यावर, हिरवा! लहानसा, पण हिरवागार, आणि चक्क थरथरणारा. माझ्या अंगावर काटा आला. मी हिल्मारच्या बायकोला, ओद्नीला, फोन केला, की अशीच्या अशी ये, साक्षीला कुणीतरी हवं. ती घरातल्या सपातांवर रस्ता ओलांडून आली, माझ्याशेजारी बसली, आणि बराच वेळ एक शब्द न बोलता बघत राहिली. मला वाटलं भारावली आहे. मग ती उठली, माझ्या मागे गेली आणि कॉफीच्या यंत्राची वायर ओढली. डोंगरावरचा ध्रुवप्रकाश गेला. “आता लावते हं, बघ,” म्हणाली, आणि लावला. परत दिसला. असं तिनं तीनदा केलं. मग आम्ही त्याच ध्रुवप्रकाशावर कॉफी करून प्यायलो, पण तुला ते चालणार नाही हे माझ्या लक्षात आलं.

तेव्हा कळलं, की खरा अडथळा ढग नव्हेत, दिवा आहे. आपल्या खिडकीसमोर नगरपालिकेनं नवा खांब रोवला आहे, त्याचा पांढरा दिवा दुपारी दोनला लागतो आणि आपल्या स्वयंपाकघरात दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला उजेड पडतो. मी अर्ज केला. त्यांच्याकडून उलट एक फॉर्म आला, त्यात विचारलं होतं की दिव्याचा त्रास नेमका कोणत्या वेळी होतो. मी लिहिलं, अंधार असतो तेव्हा. त्याला अजून उत्तर नाही. मग मी हिल्मारला म्हटलं, वर चढ आणि झाक तो दिवा. झाकायला जाड, काळं, पाण्यानं न भिजणारं काहीतरी हवं होतं. शेडमध्ये आमच्या ह्यांची मासेमारीची मेणकापडाची पँट नऊ वर्षं खुंटीवर होती. ती दिली.

हिल्मारनं शिडी लावून ती पँट दिव्याच्या डोक्यातून घातली, पट्टे खांबाला आवळले, आणि खाली उतरून म्हणाला, छान बसली. बसली खरीच छान. इतकी छान, की पावणेचारच्या फेरीबोटीच्या कप्तानाला वाटलं कुणीतरी खांबाला मिठी मारून वर अडकलं आहे. त्यानं तीनदा भोंगा दिला. आणि मग चारची बस आली. बसचा ड्रायव्हर (नवा आहे, दक्षिणेकडचा, फार मऊ मनाचा) बस थांबवून खाली उतरला आणि माझ्या ह्यांच्या पँटीची समजूत घालायला लागला. “बाबा रे, खाली ये. जे असेल ते बोलू आपण.” पँट गप्प. वाऱ्यानं एक तंगडी हलली, तर हा म्हणतो, “हां, हां, घाई नको, एक एक पाय.” मग त्यानं तिला स्वतःच्या घटस्फोटाची सगळी हकिकत सांगितली, की आपल्यालाही एके काळी असंच वाटलं होतं, पण दिवस जातात. मी खिडकी उघडून सांगणार होते, पण हकिकत मध्येच तोडणं बरं दिसेना (आणि खरं सांगायचं तर मला शेवट ऐकायचा होता. ती त्याच्या चुलतभावाबरोबर गेली). बसमधली माणसं सगळी खाली उतरून भोवती उभी होती. शेवटी हिल्मार शिडी घेऊन आला आणि ड्रायव्हरच्या देखत त्यानं त्या माणसाचे पट्टे सोडून त्याला खांद्यावर टाकलं, तेव्हा तो बिचारा मटकन बर्फात बसला. मी त्याला आत बोलावून कॉफी दिली. ह्यांची पँट मी चुलीपाशी वाळत घातली. नऊ वर्षांनी ती ओली झाली होती. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ह्यांचा वास आला गं, आणि मी उगीचच दोन बशा मांडल्या.

आता परवाचा दिवस, मुदतीतला शेवटचा. आधल्या रात्रीच्या वादळानं खांबाच्या दिव्यात पाणी शिरलं आणि तो आपोआप मेला. (मी काही केलेलं नाही. तसं नगरपालिकेलाही कळवलं आहे.) दुपारी वारा पडला, आकाश धुतल्यासारखं, उणे अकरा, आणि मोबाईलमधली बाई म्हणाली, शक्यता, ब्याण्णव टक्के. मला वाटलं, सोल्फ्रिड, आज नाही तर कधीच नाही. आता उरले होते फक्त माझेच दिवे. आणि ताई, आपल्या घरात किती दिवे असतात हे मला परवा कळलं. नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्या रविवारी लावलेले खिडक्यांतले तीन कागदी तारे, दोन सात-सात दिव्यांची झाडं, दारावरचा, शेडवरचा, जिन्यातला, न्हाणीघरातला जो कधीच बंद होत नाही तो. हिल्मार म्हणाला होता, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात, तोवर काडी ओढायची नाही, मोबाईल उघडायचा नाही. मी पाचला दहा कमी असताना एकेक करून सगळे दिवे घालवले, यंत्राची वायर काढली आणि चाचपडत बाकावर येऊन बसले. अंधार इतका दाट, की मांजर माझ्यावर पाय देऊन गेली.

इथे माझी चूक झाली, आणि असली चूक करायला आपल्याकडचंच माणूस पाहिजे. मी विसरले. आई काय करायची आठवतं? सकाळी आधी खिडकीपाशी उभी राहून गावातल्या खिडक्या मोजायची आणि मग कॉफी ठेवायची. एखादी खिडकी काळी दिसली की आपल्यापैकी एकीला पिटाळायची, बघून ये गं. नोव्हेंबरात सूर्य गेला की जानेवारीत तो परत येईपर्यंत ह्या गावात कुणी खिडकीतला दिवा घालवत नाही. गावाबाहेर गेलं तरी लावून जातात. दिवा आहे म्हणजे माणूस ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे मला ठाऊक, तुला ठाऊक, मांजरीलाही ठाऊक असेल. आणि मी नऊच्या नऊ दिवे घालवून, तोंड मिटून, अंधारात बसलेली.

पाचेक मिनिटांनी फोन वाजला. ओद्नीचा. मी उचलला नाही, उजेड नको म्हणून. थांबला. परत वाजला. मी त्याच्यावर उशी ठेवली. मग गावात कुठेतरी दार आपटलं. मग दुसरं. मग बर्फावरून पळणारी पावलं, आणि पळताना एक जण घसरून पडल्याचा आवाज (ओद्नी, सपातांवर). मी मनात म्हटलं, कुणाच्या तरी घरी काहीतरी झालं आहे बिचाऱ्यांच्या. आणि तेवढ्यात आपलं दार धाडकन उघडलं, आणि माझ्या अंधाराची सवय होत आलेल्या दोन डोळ्यांवर हिल्मारच्या बोटीवरची मोठी बॅटरी पडली.

“आहे! बाकावर आहे! बसलेली आहे!” हिल्मार ओरडला.

“बसल्या बसल्याच गेली गं माझी बाई!” ओद्नी.

मी म्हटलं, मी गेलेली नाही, ती बॅटरी घालव. तर बर्गल्योत म्हणाली, बोलतेय पण बरळतेय, आडवी करा. मी म्हटलं, मी ध्रुवप्रकाश बघतेय. ती म्हणाली, बघा, तिला उजेड दिसायला लागलाय, लवकर करा! आणि दोघांनी मला बाकावरून अशी काही उचलली की कंबर तिथेच गेली. मागून माणसं येतच होती. कपाळाला दिवे बांधलेले, कुणाकडे फावडं (फावडं कशाला, मी विचारलं नाही), कुणाकडे दुकानात ठेवलेलं ते हृदय चालू करायचं यंत्र, कुणाकडे गरम कॉफीचा थर्मास, एकीकडे केक, म्हणजे निकाल काय लागेल तो लागो. मी नंतर हिशेब घेतला. दिवे घालवल्यापासून घर भरेपर्यंत अठरा मिनिटं. माझ्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायलासुद्धा त्याहून दोन मिनिटं जास्त लागतात.

मी जिवंत आहे हे सगळ्यांनी एकेकदा हात लावून बघितल्यावर त्यांना राग आला. ओद्नीनं घरातला प्रत्येक दिवा लावला, आणि प्रत्येक दिव्याबरोबर मला एक शिवी दिली. बर्गल्योतनं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. एकशे नव्वद. मी म्हटलं, एकवीस माणसं दार फोडून घरात शिरल्यावर तुझा किती येतो ते बघू. तिनं ऐकलं नाही, उठायचं नाही म्हणाली, आणि दर पाच मिनिटांनी पट्टा फुगवत बसली. एवढी माणसं जमली म्हटल्यावर वाफल करावेच लागले. माझा साचा, ओद्नीचा साचा, पीठ कुणी भिजवलं कळलंच नाही. तपकिरी चीज संपलं, जाम संपला. हिल्मारनं खांबावरच्या पँटीची गोष्ट सांगितली, मग बस ड्रायव्हरची, मग पाद्रीबुवांच्या बारा टक्क्यांची. मी पट्टा बांधून आडवी, आणि सगळे माझ्या जिवावर उठल्यासारखे हसताहेत. मला वाटतं गावाला एकत्र हसून वर्ष झालं असेल.

आता बाविसावा. आन्सगर. शेजारचा आन्सगर, ज्याच्याशी माझं सहा वर्षं बोलणं बंद आहे. त्याचा मेंढा माझ्या बटाट्यात शिरला होता, मी म्हटलं, पुन्हा आला तर कोबी घालून शिजवीन, आणि ते त्यानं मनाला लावून घेतलं (आन्सगरनं, मेंढ्यानं नाही). तेव्हा त्यानं शपथ घेतली होती की ह्या बाईच्या जमिनीवर पाऊल ठेवणार नाही. परवा तोही पळत आला. पण हद्दीवरच्या लाकडांच्या ढिगापाशी येऊन थांबला, आणि तिथूनच ओरडला, “जिवंत आहे का?” बर्गल्योत खिडकीतून म्हणाली, आहे, दाब मोजतेय. तो म्हणाला, “बरं.” आणि तिथेच उभा राहिला. घरी जायला जीव होईना आणि आत न यायची शपथ.

साडेसहाच्या सुमारास बर्गल्योत दारात जाऊन त्याला म्हणाली, अरे, गोठशील, जा आता, ठीक आहे ती. तर तो म्हणाला, जातो, आता संपलाच. काय संपला? “ध्रुवप्रकाश.”

ताई, सगळे धावले. साचा तसाच तापत राहिला, वाफल जळला. मी पट्ट्यासकट, नळी मागे ओढत, सगळ्यांच्या शेवटी पायरीवर पोचले. वर चांदण्या. एका कोपऱ्यात पिळून वाळत घातलेल्या फडक्याएवढं काहीतरी फिकट, ते माझ्या डोळ्यांदेखत गेलं. आणि तेही पायरीवरून, बाकावरून नाही. मी आन्सगरला विचारलं, आणि सहा वर्षांनी बोलले ते हे:

“कसा होता?”

“हिरवा.”

“आणि?”

“कडेनं जांभळा. ह्या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत.”

“किती वेळ?”

“तुम्ही चारदा कॉफी ओतलीत तेवढा.”

“अरे मेल्या, मग हाक मारायला काय झालं होतं?”

“आपलं बोलणं बंद आहे ना,” आन्सगर म्हणाला.

मी तिथे पायरीवर बसून रडले गं. उणे अकरात डोळ्यांतून पाणी काढणं सोपं नाही, पण आलं. बर्गल्योतनं पट्टा फुगवला. मी म्हटलं, दाब नाही, घर चाललंय माझं, आणि तेव्हा सगळ्यांना आपली शर्त सांगितली. मग हिल्मार घसा खाकरून म्हणाला, ताईला लिही, बघितला म्हणून. आम्ही एकवीस जणं खाली सह्या करतो. बर्गल्योत (चर्चच्या समितीवर!) म्हणाली, मी शिक्कासुद्धा देते. एकटा आन्सगर म्हणाला, मी नाही सही करणार, बघितलाय तो मी. मी म्हटलं, कुणी काही करायचं नाही. मी ताईशी एकदा खोटं बोलले आहे, ते फोनवर होतं, पत्रात बोलणार नाही. तेव्हा हे सगळं जसं घडलं तसं लिहिलं आहे. मी ध्रुवप्रकाश घरातून बघितला नाही.

गुडघ्याला लोकर बांध, बटाटे थोडे थोडे आणत जा, आणि लिफ्टवाल्यांना माझ्या नावानं दोन शब्द सुनाव. थोरांना मान, लहान कुणी दिसलंच तर त्याला गोड पापा.

तुझी, जशी आहे तशी,
सोल्फ्रिड

ता. क. मी शर्त हरले आणि शब्द पाळणार आहे, ह्यात शंका नको. जानेवारीत येते. त्या खालच्या जागेतल्या खिडक्या उघडतात का, आणि मांजरीला मनाई नाही ना, एवढं कळव. गावात अजून सांगितलेलं नाही. ओद्नी रोज विचारते, आणि मी तिला म्हणते, कंबर बरी होऊ दे.

दुसरा ता. क. येण्याआधी माझं एक काम कर. तुला हे म्हणायचं होतं ना, की मी इथे पडले तर कुणाला कळायचं नाही? तर एका संध्याकाळी पाचला तुझ्या घरातले सगळे दिवे घालव. फोन वाजला तर उचलू नकोस. गप्प खुर्चीत बस आणि किती माणसं येतात आणि किती मिनिटांत येतात ते मला लिही. तुमच्या इमारतीत चाळीस बिऱ्हाडं आहेत, म्हणजे गावापेक्षा जास्तच माणसं. खराखरा आकडा लिही, मी लिहिला तसा.

तिसरा ता. क. (१२ डिसेंबर. पाकीट वाफेवर धरून पुन्हा उघडलं आहे, कडा सुरकुतली आहे ती त्यामुळे.) ताई, वरचं करू नकोस. मी काल ते लिहून मोठ्या तोऱ्यात पाकीट चिकटवलं आणि झोपायला गेले, आणि झोप येईना. डोळे मिटले की तू अंधारात खुर्चीत बसलेली दिसतेस, सहा वाजतात, सात वाजतात, आणि तू दाराकडे बघतेस. मला तो आकडा कळायला नको. तुला तो आधीपासूनच माहीत असणार, म्हणून तर मला खालच्या मजल्यावर बोलावते आहेस, हे माझ्या मठ्ठ डोक्यात आत्ता शिरलं. आधी का नाही गं सांगितलंस?

मग मी उठले, वरच्या मजल्यावर तुझ्या खोलीत गेले, खिडकी पुसली आणि तिथे एक तारा लावला. सकाळचे सव्वासात होते. साडेसाताच्या आत ओद्नीचा फोन, की वर कोण आहे? मी म्हटलं, अजून कुणी नाही, योरुनताई यायची आहे. आता अकरा वाजलेत. बर्गल्योत गादी उन्हाळ्यानंतर झटकली होती का ते बघून गेली. हिल्मार विचारतोय, तुझे केस अजून लांब आहेत का. आन्सगर हद्दीवर एक पोतं बटाटे ठेवून गेला आहे, बोलला काही नाही. जानेवारीत मी येते ती तुझं सामान बांधायला, चार मजले उतरवायला दोघी लागू. नाही म्हणायचं असेल तर तूच गावाला फोन करून सांग, कारण तो तारा मला आता घालवता येत नाही. घालवला की अठरा मिनिटांत सगळे येतील, आणि विचारतील, योरुनला काय झालं?